पिकअपच्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आणि कमी कॉम्प्रेशन: हेड उतरवावे की आधी खालचे ऑईल चेंबर उघडावे?

नमस्कार. माझ्याकडे 2018 सालचे बीएस-4 पिकअप असून त्यात 2.5 लिटरचे, चार सिलिंडरचे कॉमन रेल टर्बो डिझेल इंजिन आहे. निफाड भागातून वाशीच्या बाजारात भाजीपाला नेण्यासाठी ते वापरतो आणि गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे चालली आहे.

सकाळी थंड इंजिन सुरू केले की गाडी थरथरते आणि सायलेन्सरमधून कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतो. इंजिन तापल्यावर धूर जवळजवळ थांबतो, परंतु परतीच्या वाटेवर कसारा घाट चढताना, गाडी रिकामी असूनही, मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) पुन्हा जाणवते व चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी 0303, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचा कोड येतो.

पहिल्या मिस्त्रींचे मत नोझल (इंजेक्टर) खराब असल्याचे होते. त्यानुसार दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचे इंजेक्टर आपसात बदलले, तांब्याचे वॉशर नवे टाकले आणि इंजेक्टरचे कोडही ईसीएममध्ये (इंजिनच्या संगणकात) त्याप्रमाणे भरले. तरीही मिसिंग तिसऱ्यातच राहिली. त्यानंतर ग्लो प्लगच्या (थंड इंजिनात ज्वलनकक्ष तापवणाऱ्या प्लगच्या) जागी गेज लावून कॉम्प्रेशन मोजले, तेव्हा अनुक्रमे 27, 26, 17 आणि 26 बार मिळाले. शेजारच्या सिलिंडरचे आकडे चांगले आहेत, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत आणि कूलंटही कमी होत नाही, त्यामुळे हेड गॅस्केटवर माझा संशय फारसा नाही.

पुढे तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे सर्वांत वरच्या स्थानावर आणून, गाडी गिअरमध्ये ठेवून, ग्लो प्लगच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. इनटेक आणि सायलेन्सर दोन्हीकडे शांतता होती. ऑईल भरण्याच्या तोंडातून मात्र जोरात हवा आली. थोडी हवा रिंगांवरून खाली जातेच हे मान्य, परंतु इतर सिलिंडरच्या तुलनेत हा फरक कानाला सहज कळण्याइतका होता. सिलिंडरमध्ये थोडे ऑईल टाकून पुन्हा कॉम्प्रेशन मोजण्याचा सल्लाही मिळाला होता, पण डिझेल इंजिनात ज्वलनकक्षाची जागा मुळातच इतकी लहान असते की त्या ऑईलनेच आकडा फुगतो, म्हणून तो मार्ग टाळला.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. ऑईल फिल्टर कापून पाहिला असता घड्यांमध्ये बारीक चकचकीत कण दिसले आणि ते चुंबकाला चिकटले नाहीत. म्हणजे ते लोखंडाचे नाहीत. पिस्टनचे अॅल्युमिनियम असेल किंवा बेअरिंगचा थर सुटत असेल. इंजिन बंद करून तिसऱ्या इंजेक्टरचा कनेक्टर काढला व पुन्हा सुरू केले, तर मिसिंगमध्ये फरक पडत नाही, मात्र खालून येणारी हलकी टकटक कमी होते. ही टकटक कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची की पिस्टन पिनची, हे मला ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या मिस्त्रींनी थेट हाफ इंजिन काम (क्रँक न काढता हेड, पिस्टन व रिंगांचे काम) करण्यास सांगितले आहे. माझा विचार असा आहे की आधी चेंबर उतरवून तिसऱ्या रॉडची बेअरिंग पाहावी, कारण क्रँकवर चरे पडले असतील तर हाफ कामावर केलेला खर्च वाया जाईल. हे योग्य आहे का? तसेच इंजेक्टरच्या छिद्रातून एंडोस्कोप घालून पिस्टनचा माथा जळला आहे का, हे विश्वासार्हपणे दिसते का? मूळचा तिसरा इंजेक्टर थेंब गाळत असेल तर त्यानेच बोअरवरचे (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचे) ऑईल धुतले असण्याची शक्यता आहे, आणि आता तो दुसऱ्या सिलिंडरमध्ये बसला असल्यामुळे त्याची बेंचवर तपासणी होईपर्यंत गाडी उभीच ठेवली आहे.

केवळ तिसऱ्या सिलिंडरचे पिस्टन व रिंग बदलून बाकीचे तसेच ठेवण्याचा अनुभव कोणाला असल्यास, बोअरचे माप किती घासलेले असेपर्यंत ते चालले, हेही कृपया कळवावे.