वेल्चचा नफा कोणाच्या खिशातून?

जॅक वेल्च हा जीई (जनरल इलेक्ट्रिक) या अमेरिकी कंपनीचा माजी प्रमुख; पत्रकार डेव्हिड गेलिसने त्याच्यावर टीका करणारं पुस्तक लिहिलंय. ‘वेल्चने भागधारकांना मालामाल केलं, मग गेलिसचा राग कशावर?’ असं कुणी विचारेल. राग त्या नफ्याची किंमत कामगारांनी मोजली, यावर आहे. १९८० अखेर जीईत सुमारे ४ लाख ११ हजार माणसं होती. १९८५ अखेर २ लाख ९९ हजार. शिवाय दरवर्षी तळाच्या १० टक्क्यांना नारळ!

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या आम्हा लोकांना हे परकं नाही. नुसत्या आवाजावरून टूल झिजलंय हे ओळखणारा ऑपरेटर घरी बसतो, त्याच मशीनवर ठेकेदाराचा नवखा पोरगा येतो. ताळेबंदात बचत दिसते, रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, ढीग शॉपफ्लोअरवर.

पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीचा संस्थापक इव्हॉन शुइनार्ड याच्यावरचं गेलिसचं पुस्तकही जरूर वाचा. शुइनार्डने २०२२ मध्ये पॅटागोनियाची मालकीच पर्यावरणासाठी सोडली.