आईला शार्को फूट, प्लास्टर की बूट? मदत हवी आहे

आई ६१ वर्षांची, शुगर जुनी, तळपाय बधिर. शार्को फूट म्हणजे अशा बधिर पायाची हाडं आतून सुजून मोडत जातात, तेच झालंय. डावं पाऊल घोट्यापर्यंत सुजलंय, लाल आहे, हात लावला की उजव्यापेक्षा चक्क गरम लागतं आणि तरी म्हणते दुखत नाही काही, म्हणून घरभर फिरत राहते. ताप नाही, जखम नाही, साधी भेगसुद्धा नाही. आधी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिकचा कोर्स झाला, फरक शून्य. युरिक ॲसिड नॉर्मल, डॉप्लरमध्ये गुठळी नाही, एक्सरे पण क्लीन. मग दुसऱ्या ऑर्थोंनी तिला झोपवून पाय थोडा वेळ वर धरला तर लाली उतरली, इन्फेक्शनची सहसा अशी उतरत नाही म्हणाले, एमआरआय केला तर पावलाच्या मधल्या हाडांना सूज आणि बारीक फ्रॅक्चर. त्यामुळे निदान पक्कं आहे, मालिश-लेप प्लीज सुचवू नका.

आता टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला सगळीकडून नीट चिकटून बसणारं खास प्लास्टर) सांगितलंय, दोन्ही पावलांच्या तापमानातला फरक २ अंश सेल्सिअसच्या आत येईपर्यंत, म्हणजे काही महिने. पण इथे कराडला ते घालणारं कोणी सापडेना, साधं प्लास्टर घालू म्हणतात, आत घासून जखम झाली तर बधिर पायाला कळणार कसं? गुडघ्यापर्यंतचा वॉकर बूट मिळतोय, पण तो आई काढून ठेवणार हे मी लिहून देते.

बुटावरून प्लास्टरची पट्टी गुंडाळून तो न काढता येईल असा कोणी करून घेतलाय का? आणि सातारा, कोल्हापूर, पुण्यात हे कास्ट नियमित घालणारं, बदलून देणारं कोणी माहीत आहे का?