शब्द आटतात तेव्हा: रोजच्या प्रार्थनेचे अनुभव

देवाशी जवळीक वाढावी असे वाटणाऱ्या ख्रिस्ती माणसाला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: मनापासून, आपल्या शब्दांत त्याच्याशी बोला. सल्ला खरा आहे. पण शोकात, आजारपणात किंवा नुसत्या थकव्यातही आपले शब्द आटतात, आणि तेव्हा काय करावे हे फारसे कोणी सांगत नाही. येशूने वधस्तंभावर बायबलमधल्या बाविसाव्या आणि एकतिसाव्या स्तोत्रांतले शब्द उच्चारले, म्हणजे सर्वांत कठीण घटकेला त्यानेही आपल्या पूर्वजांची प्रार्थना ओठांवर घेतली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. म्हणून विविध मंडळ्यांतील, म्हणजे चर्चमधील, परिचितांना मी एवढेच विचारले: दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दांनी, मग ते स्तोत्र असो, भजन असो, जपमाळ असो, तुम्हाला रोजच्या जगण्यात देवाच्या जवळ नेले आहे काय, आणि कसे? आलेली उत्तरे त्यांच्याच शब्दांत देते आहे.

परिचारिका, पुणे

मी अतिदक्षता विभागात काम करते. तिथे गुडघे टेकायला जागा नसते आणि वेळही नसतो. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात धुवावे लागतात, तेवढाच काळ माझा असतो, आणि त्या काळात मी मनात तेविसावे स्तोत्र म्हणते. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' इथून सुरुवात होते. कधी ते पूर्ण होते, कधी दुसऱ्याच ओळीवर यंत्राचा गजर वाजतो आणि उरलेले स्तोत्र पुढच्या वेळेवर जाते. अनेक वर्षे म्हटल्यावर माझ्या ध्यानात आले की हिरव्या कुरणात आणि संथ पाण्याजवळ असताना स्तोत्रकर्ता देवाविषयी बोलतो, 'तो मला नेतो' असे सांगतो. मृत्यूच्या छायेची दरी आली की मात्र तो थेट देवाशीच बोलू लागतो. माझे काम त्या दरीतच चालते. खाटेवरचा माणूस कोणत्या धर्माचा आहे हे न पाहता मी 'तू माझ्याबरोबर आहेस' ऐवजी 'तू याच्याबरोबर आहेस' असे मनात म्हणते आणि मगच त्याच्याजवळ जाते.

शेतकरी, नेवासे तालुका

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने तिला इतकी पाठ होती की आम्हा नातवंडांना येशूचे चरित्र आधी तिच्या गळ्यातून कळले आणि शुभवर्तमानातून नंतर. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला आणि पुढे आमच्या नगर जिल्ह्यात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते म्हणत. म्हणूनच त्यांची भजने आमच्या गावच्या टाळ-मृदंगावर जराही परकी वाटत नाहीत. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाच्या मातीत वाढलेल्या माणसाला तर ती घरचीच वाटतात.

आठवड्यातले काही दिवस शेतीची वीज रात्री येते. कांद्याला पाणी देण्यासाठी दारे धरत मी बांधावर उभा असतो तेव्हा हीच भजने गातो. दिवसभराचा हिशेब, सोसायटीचे कर्ज, पडलेला बाजारभाव हे सगळे डोक्यात असताना स्वतःची प्रार्थना करायला लागलो की ती मागण्यांची यादी होते. भजनात मात्र मागणे मागे राहते आणि ज्याला मागायचे तो पुढे येतो. यादी मी सोडलेली नाही, कर्ज खरे आहे आणि देवापुढे ते मांडलेच पाहिजे. पण आधी दोन भजने, मग यादी, असा क्रम आता पडला आहे.

कारखान्यातील कामगार, चिंचवड

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो नोंदवावा असे वाटते. आमच्या मंडळीत लिहिलेल्या प्रार्थना नाहीत. प्रत्येक जण पवित्र आत्म्याने सुचवले तसे मोठ्याने बोलतो. माझी दारू याच प्रार्थनेत सुटली. त्या रात्री कोणी मला छापील प्रार्थना हातात दिली असती तर मी ती वाचली असती आणि घरी गेलो असतो. मला रडून, अडखळत, माझ्याच भाषेत बोलावे लागले, आणि देवाने ते ऐकले. ज्यांना जुन्या शब्दांनी आधार दिला त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण ते शब्द कधी आपल्याला झाकूनही ठेवतात, याची प्रत्येकाने स्वतःशी तपासणी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निवृत्त शिक्षक, वसई

आमच्या घरी संध्याकाळी जपमाळ होत असे आणि आजही होते. लहानपणी ती पाठांतरासारखी वाटे. मोठेपणी मन भरकटण्याचा त्रास होऊ लागला. एका वृद्ध धर्मगुरूंनी मला साधी गोष्ट सांगितली: जपमाळेच्या पाच दशकांसाठी, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांसाठी, पाच माणसे निवडा आणि एकेक दशक एकेका माणसासाठी म्हणा. मन ज्याच्याकडे वारंवार पळते, त्यालाच त्या पाचांत घ्या.

माझे मन पळत होते ते धाकट्या भावाकडे. वडिलार्जित वाडीवरून आमच्यात वाद होता, बोलणे बंद होते, आणि मिस्साला जाताना दोघेही देवळाच्या वेगवेगळ्या दारांनी आत जात असू. जपमाळ म्हणताना येशूच्या जीवनातल्या ज्या प्रसंगांवर मनन करतात त्यांना रहस्ये म्हणतात; मी दुःखाच्या रहस्यांतले पहिले, म्हणजे अटकेपूर्वी येशूने गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेचे दशक त्याच्यासाठी ठेवले. सुरुवातीला नाव घेतानाच जीभ जड होई. त्याच्यासाठी काय मागावे हे मला सुचत नव्हते, आणि इथेच त्या ठरलेल्या शब्दांचा उपकार मला कळला: मला काहीच सुचवायचे नव्हते, फक्त त्याचे नाव घेऊन दहा वेळा तीच प्रार्थना म्हणायची होती. ज्याचे नाव रोज देवापुढे घ्यायचे, त्याच्याविषयी त्याच संध्याकाळी वाईट बोलणे हळूहळू अवघड होत गेले. ही भावना आपोआप उमलली असे मी म्हणणार नाही. ती सवयीने आली, आणि त्या सवयीत देवाची कृपा काम करत होती असा माझा विश्वास आहे. वाडीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण त्याच्या मुलीच्या लग्नात मी मांडवात उभा होतो, आणि त्याने मला बोलावले ते माणूस पाठवून नव्हे, स्वतः येऊन.

एसी तंत्रज्ञ, दुबई

खोलीत जाऊन, दार लावून पित्याची प्रार्थना कर, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतो. आमच्या खोलीत अनेक जण राहतात. दार लावले तरी एकांत मिळत नाही. म्हणून पत्नी श्रीरामपुरात आणि मी इथे, असे दोघांनी एकच स्तोत्र एकाच वेळी वाचायचे ठरवले आहे. इथे साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे दहा वाजलेले असतात आणि मुले झोपलेली असतात. आम्ही त्यावर फोनवर चर्चा करत नाही, नुसते वाचतो.

गृहिणी, नाशिक

आमचे बाळ जन्मतःच गेले. भेटायला आलेल्या बहुतेकांनी 'देवाची इच्छा' असे म्हटले, आणि त्यानंतर कित्येक महिने येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली 'तुझी इच्छा पूर्ण होवो' ही ओळ माझ्या तोंडून निघेना. मी उपासनेला जाणे सोडले नाही. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मी त्या ओळीपाशी थांबायची आणि बाकीची मंडळी ती म्हणायची. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला बसलेल्या बायका माझ्या वतीने ती म्हणत आहेत असे मला वाटायचे. आमच्या पाळकसाहेबांनी मला कोणताही उपदेश केला नाही. त्यांनी फक्त अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचायला सांगितले.

इतर बहुतेक विलापाची स्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात; हे स्तोत्र वळत नाही, त्याचा शेवट अंधारातच होतो. असे स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे आणि शतकानुशतके देवाच्या लोकांनी ते देवापुढेच म्हटले आहे, हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाटले की माझा राग घेऊनही मला त्याच्यासमोर बसता येईल, त्यासाठी आधी बरे व्हावे लागणार नाही. मी ते रोज दुपारी वाचत असे. देवाने कारण सांगितले नाही, पण माझ्याशी बोलणे तोडले असेही मला पुन्हा वाटले नाही. सोडून दिलेली ती ओळ मी आता सर्वांबरोबर म्हणते; गेथशेमाने बागेत येशूनेही ती आधी सुटका मागून मगच म्हटली होती, हे आठवून म्हणते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र बाजूला ठेवलेले नाही. आमच्या मंडळीतल्या एका तरुण जोडप्यावर अलीकडे असाच प्रसंग आला, तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन तेच वाचले आणि चहा करून दिला.