स्टॅमफर्डमध्ये जुनं घर घेताना

कोणीतरी लिहिलंय की स्टॅमफर्ड हे इंग्लंडमधलं गाव एवढं देखणं आहे, डोळे झाकून जुनं दगडी घर घेऊन टाका... अहो, डोळे उघडे ठेवा! स्टॅमफर्ड 1967 साली इंग्लंडमधला पहिला कॉन्झर्वेशन एरिया (जुनं रूप जपण्यासाठी संरक्षित भाग) झालं, तिथे 600 च्या वर इमारती लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत आहेत, तर आधी घर लिस्टेड आहे का बघा, कारण असेल तर साध्या खिडक्या बदलायलाही कौन्सिलची परवानगी लागते, न विचारता बदलल्या तर चक्क फौजदारी गुन्हा, आणि आधीच्या मालकाने गुपचूप केलेलं काम निस्तरायचं तुमच्याच गळ्यात येतं. सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाला, हे नेमकं विचाराच. भिंतींना बाहेरून सिमेंट थापलंय का तेही बघा, चुन्यातल्या जुन्या दगडी भिंतीवर सिमेंट म्हणजे ओल आतच अडकणार. हीटिंगचं बिल मागच्या जानेवारीचं मागा, जुलैचं नको :) घर नदीकाठी असेल तर पुराचा सरकारी नकाशाही बघा. पार्किंगचं म्हणाल तर गल्लीत रात्री आठला एकदा जाऊन या, कळेल. लंडनला जायला पीटरबरोला गाडी बदलायची. आपल्या किराण्याची मात्र चिंता नको, लेस्टरला थेट ट्रेन आहे, तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांत कढीपत्त्यापासून सगळं मिळतं.