‘हार्ड ब्लॉक्ड’ला मराठीत काय म्हणाल?

कोरीपाटी: लिनक्सवर वाय-फाय बंद पडलं तर काय काय तपासायचं, याची मराठी टिपणं लिहितेय. ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड दिली की कार्डाखाली दोन ओळी दिसतात, सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. पहिला अडथळा सॉफ्टवेअरचा, ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ दिलं की सुटतो. दुसरा लॅपटॉपच्या बटणाचा नाहीतर बायोसमधल्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या, सेटिंगचा, तिथे कमांडचं काही चालत नाही. मी ‘मृदू अडथळा’, ‘कठोर अडथळा’ लिहिलं. वाचणारे म्हणतात, कविता वाटते.

निळीशाई: मृदू-कठोर व्यंजनांना राहू द्या. ‘कमांडने सुटणारा’ आणि ‘कमांडने न सुटणारा’ लिहा की सरळ!

तळटीप: लांबण लागेल. मुळात ‘वाय-फाय’ तरी कशाला? ‘बिनतारी’ आहे ना! फारसी ‘बिन’ आणि आपली तार, काय छान जमलंय.

खोडरबर: ‘बिन’ म्हणजे ‘विना’च हो. फारसी ते ‘बे’. बेफिकीर, बेहिशेबी.

तळटीप: असेल. पण मग कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, ड्रायव्हरला, ‘चालक’ का नको? चालवतो तो चालक.

निळीशाई: ‘चालक सापडला नाही’ वाचून लोक रस्त्यावर शोधायला जातील. आणि अर्थही निसटतो. ‘एलएसपीसीआय -के’ ही कार्डांची यादी देणारी कमांड दिली की ‘कर्नल मॉड्यूल्स’ आणि ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशा दोन वेगळ्या ओळी येतात. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्याला जोडायचा तुकडा. पहिलीत या कार्डाला चालू शकतील अशी मॉड्यूल्स, दुसरीत प्रत्यक्ष कार्ड हाताळतोय तो ड्रायव्हर. पहिली आहे आणि दुसरी गायब, तर घोडं तिथेच अडलंय. दोन्हीकडे ‘चालक’ लिहिलंत की वाचणारा गेला कामातून.

तळटीप: बरं, कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरला, फर्मवेअरला, ‘दृढाज्ञा’?

खोडरबर: अहो, दृढ काय त्यात? हा शब्द 1967 साली अ‍ॅशर ऑपलर यांनी काढला, तेव्हा अर्थच निराळा होता. आजच्या बऱ्याच वाय-फाय कार्डांत फर्मवेअर कायमचं नसतंच, ड्रायव्हर ते फाइलमधून उचलून दर वेळी कार्डात भरतो. फाइल नसली की कर्नलच्या नोंदींत ‘फेल्ड विथ एरर -2’ येतं. उणे दोन म्हणजे फाइलच सापडली नाही. डेबियन या लिनक्स वितरणाने 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून मुक्त परवाना नसलेलं फर्मवेअरही इन्स्टॉलरमध्ये दिलं, तेव्हा कुठे नवख्यांचा हा त्रास कमी झाला.

कोरीपाटी: माझा प्रश्न हार्ड ब्लॉक्डचा होता.

तळटीप: ‘बिनतोड अडथळा’!

निळीशाई: बिनतोड युक्तिवाद असतो. कोरीपाटी, ‘हार्ड ब्लॉक्ड’ तसंच ठेवा. पडद्यावर तेच दिसणार आहे, वाचणाऱ्याला जुळवता आलं पाहिजे. खुलासा शेजारी द्या.

खोडरबर: हे पटलं. पण वर तुम्ही ‘चालू शकतील अशी मॉड्यूल्स’ लिहिलंत. मॉड्यूल ते?

निळीशाई: ते. सॉफ्टवेअर ते, फर्मवेअर ते, मॉड्यूलही ते.

खोडरबर: आम्ही तर ‘मॉड्यूल लोड झाला’ म्हणतो.

तळटीप: ‘घटक’ म्हणा, भांडण मिटेल.