मदत हवी आहे: जावास्क्रिप्टमध्ये फॉल्स ठेवलेलं व्हेरिएबल इफमध्ये ट्रू कसं होतं?

सोसायटीच्या पाण्याच्या मोटरसाठी एक साधं पान करतोय. एकच एचटीएमएल फाइल, स्क्रिप्टही त्यातच. पहिल्याच ओळीत व्हार वापरून 'स्टेटस' नावाचं व्हेरिएबल केलंय, त्यात फॉल्स. लगेच खाली इफ. तरी पानावर "मोटर चालू आहे" असंच येतं! कन्सोलवर छापलं की फॉल्सच दिसतं. याच दोन ओळी फंक्शनमध्ये टाकल्या तर बरोबर चालतात, नोडमध्येही (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालतात. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये मात्र रडगाणं तेच. कॅश साफ करून झालीय, तो सल्ला कृपया नको.

प्रतिसाद १
टाइपऑफ (किंमत कोणत्या प्रकारची आहे ते सांगणारा शब्द) लावून बघा, स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, येईल. ब्राउझरमध्ये फंक्शनबाहेर व्हारने केलेलं व्हेरिएबल थेट विंडो ऑब्जेक्टवर (ब्राउझरची खिडकी दाखवणारी जावास्क्रिप्टमधली वस्तू) जातं, आणि तिथे स्टेटस नावाची प्रॉपर्टी आधीच बसलेली आहे. पूर्वी ब्राउझरच्या खालच्या पट्टीत मजकूर दाखवायला ती वापरायचे. तिच्यात काहीही टाका, त्याची स्ट्रिंग होते. म्हणजे तुमचं फॉल्स आता पाच इंग्रजी अक्षरांचा नुसता मजकूर आहे, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग इफच्या लेखी ट्रूच. विंडोवरच्या 'नेम' प्रॉपर्टीचंही हेच: ॲरे (किमतींची यादी) ठेवा, स्वल्पविरामांनी जोडलेली स्ट्रिंग परत घ्या. फंक्शनमध्ये स्कोप (नाव जिथपर्यंत लागू असतं ती हद्द) वेगळा आणि नोडमध्ये विंडोच नाही, म्हणून तिथे त्रास नाही. व्हारऐवजी लेट लिहा. ते 2015 पासून भाषेत आहे आणि विंडोवर जात नाही.

धागाकर्ता
खरंच स्ट्रिंग आली, धन्यवाद! पण सगळ्या व्हारचं लेट केल्यावर स्क्रिप्टच चालेना. टाकीच्या वरच्या पातळीला 'टॉप' नाव दिलंय, ते आधीच डिक्लेअर झालंय म्हणून सिंटॅक्स एरर येतोय. शोधून पाहिलं, मी ते दुसरीकडे कुठेच केलेलं नाही. व्हार असताना काही तक्रार नव्हती.

प्रतिसाद २
तक्रार नव्हती, पण चालतही नव्हतं. विंडोवरचं टॉप म्हणजे सगळ्यात बाहेरची विंडो, आणि ते कोणालाच बदलता येत नाही. व्हारने दिलेली किंमत गुपचूप वाया जात होती, त्यामुळे "पाणी टॉपपेक्षा जास्त" ही अट कधीच खरी झाली नसणार. टाकी भरल्यावर मोटर बंद करायचा इशारा कधी आला होता का?

स्क्रिप्ट टॅगला टाइप मॉड्यूल द्या, म्हणजे सगळी नावं त्या मॉड्यूलपुरतीच राहतील आणि टॉपही चालेल. फक्त बटणाला एचटीएमएलमध्येच ऑनक्लिक लावलं असेल तर त्याला मॉड्यूलमधलं फंक्शन सापडणार नाही. तिथे ॲडइव्हेंटलिसनर (स्क्रिप्टमधूनच बटणाला फंक्शन जोडायची पद्धत) वापरा. एवढा खटाटोप नको असेल तर व्हेरिएबलचं नाव 'टाकीपातळी' ठेवा आणि मोकळे व्हा.