परदेशात गरम पाण्यात डुंबलेला दिवस : तुमचे अनुभव सांगा

आळशी_उंट
आज सकाळी गीझरने मान टाकली. गॅसवर पातेलं चढवलं, बादलीत ओतलं, बाथरूमभर वाफ झाली आणि मी स्टुलावर बसल्या बसल्या थेट आइसलँडला पोचले. फेब्रुवारी २०१८, ब्लू लगून, मी, नवरा आणि आई. आत जायच्या आधी कपडे काढून, म्हणजे पूर्ण काढून, साबण लावून आंघोळ करायची सक्ती. आई म्हणाली अगं वज्रेश्वरीला निदान अंगावर साडी तरी असते! कशीबशी तयार झाली. मग दारातून पाण्यापर्यंतची ती वीस पावलं, बोचरा वारा, दात वाजतायत, आणि एकदा गळ्यापर्यंत आत गेलं की बास. ३८ डिग्री. डोक्यावर भुरभुर बर्फ आणि खाली अंग वितळतंय. तीन तास कोणी कोणाशी बोललं नाही, आमच्या घरात हा रेकॉर्ड आहे.
नवरा इंजिनियर असल्यामुळे शेवटी बोललाच. म्हणे हे पाणी शेजारच्या स्वार्टसेंगीच्या, जमिनीखालच्या उष्णतेवर चालणाऱ्या वीजकेंद्रातून बाहेर पडलेलं आहे, लाव्हाच्या दगडात मुरून जाईल असं वाटलं होतं पण सिलिका बसून भोकं बुजली आणि तळं साचलं. म्हटलं हे बाहेर आल्यावर सांगायचं ना.
तुम्ही कुठे कुठे डुंबलात? लिहा.

ताकभात
बुडापेस्ट! शेचेनीचं गरम पाण्याचं स्नानगृह! पिवळी राजवाड्यासारखी बिल्डिंग, १९१३ची. तिथे लोक पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात हे सासऱ्यांना कुठूनतरी माहीत होतं, विमानात बसल्यापासून तेच. एका हंगेरियन आजोबांसमोर जाऊन उभे राहिले, ना त्यांना इंग्रजी ना यांना हंगेरियन, दीड तास. बोटांचे मनुके झाले तरी बाहेर यायला तयार नाहीत. हरले. अजून म्हणतात उंटाची चाल चुकली (तुम्हाला नाही हो आळशी उंट 😄)

सांडगी मिरची
उंट, केसांचं काय झालं ते लिहा की. माझ्या बहिणीच्या केसांचा तिथे काथ्या झाला होता

आळशी_उंट
झाला ना!! कंडिशनर थापून वर बांधा म्हणून सांगतात, मी शहाणी, तोंडाला पांढरा चिखल फासून फोटो काढण्यात दंग. पुढे चार दिवस केसांत कंगवा जाईना.

डोंबिवली_फास्ट_नाही
जपान. बेप्पू. ऑफिसचं काम संपलं म्हणून साहेब ओन्सेनला, म्हणजे तिकडच्या गरम झऱ्याच्या स्नानगृहात, घेऊन गेले. पोहायचे कपडे चालत नाहीत, कोणालाच नाही. हातात एक चिमुकला टॉवेल, तो पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. बरं माझ्या खांद्यावर कॉलेजात काढलेला ॐ, आणि टॅटूवाल्यांना बऱ्याच ठिकाणी मनाई, म्हणून त्यावर स्टिकिंग प्लास्टर. असा मी, समोर साहेब, दोघंही डोंगराकडे बघतोय कारण दुसरीकडे बघायची सोयच नाही. पाचच मिनिटं लाज वाटते, मग खरंच काही वाटत नाही, सगळेच तसे. बाहेर येऊन काचेच्या बाटलीतलं गार दूध प्यायलो, तसं दूध पुन्हा लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मात्र साहेबांच्या टायकडेच बघत बोललो.

ताकभात
टायकडे 🤣🤣 कुकर लावताना वाचलं, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या

गोधडी
रोटोरुआ, न्यूझीलंड. गावात शिरतानाच नासक्या अंड्यांचा वास, मी मुलाच्या डब्यावर संशय घेतला. पाण्यात मस्त वाटलं पण पायातली जोडवी काढायची विसरले. चांदी आणि गंधक! बाहेर आले तर काळीठिक्कर. सासूबाईंनी लग्नात घातलेली. फोनवर सांगितलं तर म्हणाल्या काळी होईनात का, पाठ दुखायची थांबली ना? थांबली होती.

सांडगी मिरची
दातांच्या पावडरीने घासून बघा

गोधडी
बघितली, निम्मी निघाली

सांडगी मिरची
मग रांगोळी. कोरडी. आमची आजी देवाची भांडी त्यानेच लखलखीत करायची

अर्धा_कप
आमचं वेगळंच. नोव्हेंबर २०२३, ब्लू लगूनचं बुकिंग, आणि नेमके तिकडे भूकंप सुरू, ग्रिंडाविक गाव रिकामं केलं, लगून बंद. बायको रडायला आली. हॉटेलवालीने रेक्याविकच्या साध्या पालिकेच्या तलावावर पाठवलं. तिथे बाजूला छोटे गरम हौद, त्यात गावातली मंडळी ऑफिस सुटल्यावर येऊन गप्पा मारत बसलेली, आपल्याकडे पारावर बसतात तशी. भूकंपाचीच चर्चा. एका काकूंनी सरकून जागा दिली. तिकीट लगूनच्या मानाने किरकोळ. दोनदा गेलो.

आळशी_उंट
अरेरे आणि अरे वा, दोन्ही एकदम.

रानमेवा
परदेश नाही पण चालेल का, तुरळ, संगमेश्वराजवळ. मुंबई-गोवा हायवेला गाडी थांबवून कुंडात पाय सोडून बसलो, एसटीचे ड्रायव्हरकाका पण शेजारी, पाय शेकत वडापाव. बाकी एकच सांगतो, पाणी पीत राहा. मी एकदा हिरोगिरी करून दोन तास बसलो आणि उठल्यावर डोळ्यांपुढे काजवे.

आळशी_उंट
चालेल की. आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं, ती म्हणते जपानला मी येणार नाही. गीझरवाला आलाय, कॉइल गेलीये म्हणतो. कॉइलचे किती घेतात हल्ली?

रानमेवा
कंपनीचा माणूस आहे की कोपऱ्यावरचा?